काकांची वंशावळ पुतणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं ठरलं की कुलमंडळाच्या पहिल्याच बैठकीत लक्षात येतं, माहिती भरपूर आहे, फक्त ती चार घरांत चार तऱ्हांनी ठेवलेली आहे. पुण्यातले काका ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरतात, कारण ते फुकट मिळतं. न्यू जर्सीतल्या पुतणीकडे फॅमिली ट्री मेकर आहे. इंदूरच्या शाखेची यादी एक्सेलमध्ये, आणि एका भाच्याने मायहेरिटेज या संकेतस्थळावर परस्पर अख्खं झाड उभं केलेलं. मग कुणीतरी सुचवतं, "एकाची फाइल मुख्य धरू, बाकीच्यांनी त्यात पुन्हा टाइप करा." हजारभर माणसांची नावं पुन्हा टाइप करायची म्हणजे जुन्या चुकांत नव्यांची भर.

तशी गरज नाही. या सॉफ्टवेअरनी एकमेकांना माहिती द्यावी यासाठी एक सामाईक पद्धत चाळीस वर्षांपासून आहे. ती जुनी आहे, थोडी अर्धवट आहे आणि ती बनवताना मराठी घरं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. पण तिच्या खाचाखोचा माहीत असतील तर बरंच काही सुखरूप पार जातं.

जेडकॉम म्हणजे काय

प्रत्येक सॉफ्टवेअर माहिती आपल्या पद्धतीने साठवतं, त्यामुळे एकाची मूळ फाइल दुसऱ्यात सहसा उघडत नाही. म्हणून 'एक्स्पोर्ट' करताना मधली एक फाइल बनवायची आणि दुसऱ्याने ती 'इम्पोर्ट' करायची. या मधल्या फाइलीच्या स्वरूपाला जेडकॉम म्हणतात.

हे स्वरूप १९८४ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या मॉर्मन चर्चने तयार केलं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे दिवंगत पूर्वजांसाठीही काही धर्मविधी करता येतात, त्यामुळे पूर्वज शोधणं हे त्यांच्याकडे धर्मकार्यच. चर्चचा वंशावळीचा विभाग आज फॅमिलीसर्च या नावाने ओळखला जातो. जेडकॉमची ५.५.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये 'मसुदा' म्हणून आली आणि तब्बल वीस वर्षं मसुदाच राहिली. २०१९ मध्ये तिच्यावर 'अंतिम' असा शिक्का बसला, पण तोवर सगळं जग तीच वापरत होतं. २०२१ मध्ये ७.० आली. ती पुष्कळ सुधारलेली आहे, तरी देवाणघेवाणीत अजून ५.५.१ चंच राज्य आहे.

ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघता येते. आत साध्या ओळी असतात. ओळीच्या सुरुवातीला पातळीचा आकडा, मग एक छोटा टॅग, म्हणजे माहिती कसली आहे ते सांगणारा शब्द, मग माहिती. उदाहरणाला सर्वांना माहीत असलेलं घराणं घेऊ, बडोद्याचे तिसरे सयाजीराव गायकवाड. मूळ फाइलीत टॅग रोमन लिपीत असतात, इथे ते उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.

० @आय१@ इंडी
१ नेम सयाजीराव /गायकवाड/
१ नेम गोपाळराव /गायकवाड/
२ टाइप बर्थ
१ बर्ट
२ डेट ११ मार १८६३
२ प्लॅक कवळाणे, मालेगाव, नाशिक
१ फॅमसी @एफ१@
२ पेडी बर्थ
१ फॅमसी @एफ२@
२ पेडी अडॉप्टेड

'इंडी' म्हणजे एक माणूस. आडनाव दोन तिरक्या रेघांत. 'बर्ट' म्हणजे जन्म, आणि त्याखालच्या दोनच्या पातळीच्या ओळी त्या जन्माबद्दलच्या. 'फॅमसी' म्हणजे हा माणूस ज्या कुटुंबात मूल म्हणून आहे त्या कुटुंबाचा क्रमांक. कुटुंबाची नोंद फाइलीत वेगळी असते. तिच्यात नवरा, बायको आणि मुलं यांचे नुसते क्रमांक असतात. एवढ्यावर सगळं झाड उभं राहतं, आणि हा सांगाडा कुठल्याही दोन सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ न बिघडता पोचतो. मामेबहिणीशी लग्न झालं असेल तरी बिघडत नाही. चित्र काढताना सॉफ्टवेअर तीच माणसं दोनदा दाखवेल, पण फाइलीत ती एकदाच असतात.

दत्तक आणि बदललेली नावं

वरच्या नोंदीत सयाजीरावांची दोन नावं आणि दोन कुटुंबं आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा हा मुलगा, जन्मनाव गोपाळराव. २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव झाला. जमनाबाईंचे पती खंडेराव १८७० मध्येच वारले होते. म्हणजे विधवेने दिवंगत नवऱ्याच्या घराण्यासाठी घेतलेला हा दत्तक. जुन्या कुलवृत्तांतांत असे दत्तक पानोपानी सापडतात.

जेडकॉममध्ये यासाठी जागा आहे, आणि चांगली आहे. जन्मदात्या कुटुंबाशी 'पेडी बर्थ' आणि दत्तक घराण्याशी 'पेडी अडॉप्टेड' अशी दोन्ही नाती एकाच वेळी ठेवता येतात. शिवाय 'अ‍ॅडॉप' ही घटना वेगळी नोंदवून दत्तक नवऱ्याने घेतला, बायकोने घेतला की दोघांनी, हेही लिहिता येतं. अडचण माणसांच्या सवयीची आहे. बरेच जण दत्तक गेलेल्या मुलाला नुसता नव्या बापाखाली टाकतात आणि शेऱ्यात 'दत्तक' लिहून मोकळे होतात. शेरा पलीकडे पोचतो, पण सॉफ्टवेअरला त्याचा अर्थ कळत नाही आणि जन्मदात्या घराची फांदी तुटते ती तुटतेच. सगोत्र दत्तक असेल तर दोन्ही बाप एकाच झाडात असतात. तिथे तर ही दोन नाती नीट भरलीच पाहिजेत.

सयाजीरावांच्या बायकांची नोंद आणखी बघण्यासारखी. पहिली पत्नी तंजावरची, माहेरची लक्ष्मीबाई मोहिते. त्या १८८५ मध्ये वारल्या. दुसरी देवासच्या घाटगे घराण्यातली गजराबाई. सासरी दोघींचंही नाव चिमणाबाई. आता अशा दोन फाइली एकत्र करा. सॉफ्टवेअरमधलं 'सारख्या नोंदी शोधा' हे काम मोठ्या आत्मविश्वासाने सांगेल की चिमणाबाई गायकवाड दोनदा आली आहे, नवराही तोच आहे, करू का एक? घाईत 'हो' म्हटलं की तंजावर आणि देवास ही दोन माहेरं एका बाईची होतात.

लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल राजघराण्यापुरती नव्हती. आपल्या आज्या-पणज्यांची माहेरची नावं कित्येक घरांत कुणालाच सांगता येत नाहीत. म्हणून जिथे माहीत आहे तिथे माहेरचं नाव मुख्य नाव म्हणून भरावं आणि सासरचं नाव दुसऱ्या 'नेम' ओळीत, 'टाइप मॅरिड' लावून. वंशावळीच्या बहुतेक सॉफ्टवेअरचा संकेतही तोच आहे. काहींना ते खटकतं. छापील कुलवृत्तांतात सासरचंच नाव हवं असेल तर छापताना तसं काढता येतं. भरताना माहेर पुसलं तर ते परत येत नाही.

मधल्या नावाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. 'गणेश विष्णू' असं बापाचं नाव जोडून लिहू नये, ते नात्यातून कळतंच, असं शुद्धतावादी सांगतात. पण आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. एका शाखेत पाच गणेश निघाले की यादीत बापाच्या नावाशिवाय कोण कोणता कळत नाही. जोडा किंवा जोडू नका, पण सगळ्या शाखांनी एकच ठरवा. अर्ध्यांनी जोडलं आणि अर्ध्यांनी नाही, की एकत्रीकरणात तोच माणूस दोन माणसं म्हणून उभा राहतो.

साल विसरलं, तिथी लक्षात आहे

मराठी घरांत मृत्यूची तारीख फारशी कुणाला ठाऊक नसते, तिथी मात्र पक्की असते, कारण श्राद्ध तिथीला होतं. 'पणजोबा गेले ते भाद्रपद वद्य पंचमीला' एवढं आजी सांगते, साल तिला माहीत नाही. जुन्या कागदांत असतं ते शके.

जेडकॉम ५.५.१ ला चार कॅलेंडर नीट समजतात. ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, आणि फ्रेंच राज्यक्रांतीचं ते कॅलेंडर, जे उणीपुरी बारा-तेरा वर्षं चाललं. शालिवाहन शक त्यात नाही. 'शके १८४२ वैशाख शुद्ध ३' असं तारखेच्या रकान्यात टाइप केलंत तर काही सॉफ्टवेअर ते तसंच ठेवतील, काही लाल रंगात दाखवतील आणि काही मुकाट्याने गाळतील. त्यांतही वाईट म्हणजे एखादं सॉफ्टवेअर त्यातलं १८४२ उचलून इसवी सन समजतं आणि पणजोबा एकदम अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारे होतात.

सोय एक आहे. तारखेच्या रकान्यात कंसात घातलेला मजकूर हा 'शब्दांत सांगितलेली तारीख' समजायचा असा नियम आहे. म्हणजे (भाद्रपद वद्य ५) असं लिहिलं तर ते नियमात बसतं. साल माहीत असेल तर आधी 'इंट' ही खूण, मग इसवी सनात केलेलं रूपांतर आणि कंसात मूळ शके असं लिहायचं. शक्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८४२ हे गुढीपाडवा १९२० पासून पुढच्या वर्षीच्या पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत. त्यातला वैशाख १९२० मधला, फाल्गुन १९२१ मधला. पौषाच्या बाबतीत पंचांग उघडल्याशिवाय सांगू नये, तो डिसेंबरात असेल किंवा जानेवारीत. पंचांग हाताशी नसेल तर अचूक तारखेचा आव आणू नका. 'सुमारे १९२०' यासाठीसुद्धा जेडकॉममध्ये प्रमाण खूण आहे, ती बहुतेक सॉफ्टवेअर पाळतात.

आणि एक सावधगिरी. हरिद्वार-काशीच्या पंड्यांच्या वहीतून तिथी उतरवली असेल तर उत्तरेतला महिना पौर्णिमेला संपतो हे ध्यानात ठेवा. आपला भाद्रपद वद्य पक्ष म्हणजे त्यांचा आश्विन कृष्ण पक्ष. वर्षही तिथे विक्रम संवत असतं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतलं आणि हरिद्वारच्या वहीतलं एकाच माणसाबद्दलचं लेखन जुळत नाही, तेव्हा कारण कित्येकदा एवढंच असतं.

तिथी कंसात तर लिहाच, पण शेऱ्यातही लिहा. कंसातला मजकूर गाळणारी सॉफ्टवेअर आहेत, शेरा गाळणारी क्वचित. ७.० मध्ये या शब्दांसाठी वेगळी ओळ दिली आहे आणि तारीख रिकामी ठेवून नुसते शब्दही लिहिता येतात. आजीच्या सांगण्याला शोभेल अशी ही सोय आहे.

अक्षरांची माती कशी होते

फाइल उघडली आणि देवनागरी गायब, ही नेहमीची तक्रार. पण गायब कशी झाली ते बघितलं तर इलाज कळतो.

सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर अक्षरं गेली. पाठवणाऱ्याने एक्स्पोर्ट करताना 'अँसी' किंवा 'अँसेल' हा जुना अक्षरसंच निवडला होता. त्यात देवनागरी बसतच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडलं. ही फाइल दुरुस्त होणार नाही, 'यूटीएफ-८' हा देवनागरी सामावणारा युनिकोडचा अक्षरसंच निवडून नव्याने मागवा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी 'ए'ची लांबलचक माळ दिसत असेल तर घाबरू नका. अक्षरं शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने ती चुकीच्या संचात वाचली. इम्पोर्ट करताना अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचं सांगा.

मध्येच काळ्या चौकटीतलं एखादं प्रश्नचिन्ह, बाकी मजकूर ठीक, असं असेल तर ओळ तोडताना गडबड झाली आहे. ५.५.१ मध्ये ओळीची लांबी २५५ पर्यंतच ठेवायची मर्यादा आहे. लांब शेरा असला की सॉफ्टवेअर तो तोडून पुढच्या ओळीत जोडतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'जोशी' मध्ये ज, ओकार, श, दीर्घ ईकार मिळून बारा बाइट झाले. बाइट मोजून तोडणारं सॉफ्टवेअर एखाद्या चिन्हाच्या मधोमध कात्री चालवतं. इंग्रजी शेऱ्यात हे कधी होत नाही, म्हणून बनवणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. ७.० ने ही मर्यादाच काढून टाकली.

चौथा प्रकार आपला खास. कुलवृत्तांताचा जुना मजकूर डीटीपीवाल्याकडून मिळाला आणि तो श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला असला, तर तो मुळात देवनागरी नसतोच. इंग्रजी अक्षरांना मराठी फाँटचा मुखवटा घातलेला असतो. वंशावळीत भरण्याआधी तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि नंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात.

युनिकोडमध्येही एक छुपी गोम आहे. गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा आडनावांतला तो अर्धा 'र' दोन-तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप करता येतो. पडद्यावर सारखंच दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती वेगवेगळी आडनावं. एका शाखेने मोबाइलवर टाइप केलं, दुसरीने जुन्या कीबोर्डवर, आणि अर्धं घराणं शोधात सापडत नाही. एक्स्पोर्ट करण्याआधी फाइंड-रिप्लेसने आडनाव सगळीकडे एका तऱ्हेचं करून घ्या.

परदेशातल्या भावंडांना नावं रोमनमध्ये हवी असतात. त्यासाठी दोन झाडं ठेवायची गरज नाही. ५.५.१ मध्ये नावाखाली त्याचं रोमन रूप ठेवायला 'रोमन' असा टॅगच आहे, ७.० मध्ये कुठल्याही भाषेतलं रूप ठेवता येतं. जुन्या ५.५ आवृत्तीत भाषांची यादी आहे, तिच्यात मराठी आणि कोकणी दोन्ही आहेत, पण 'युनिकोड येईपर्यंत चालणार नाहीत' अशा गटात. पुढे युनिकोड आलं.

गोत्र, गाव, फोटो

जेडकॉममध्ये गोत्राला टॅग नाही, कुलदैवताला नाही. जातीला मात्र आहे, 'कास्ट' नावाचा. पाश्चात्त्यांनी एवढं बरोबर हेरलं.

सॉफ्टवेअर आपल्या पदरचे टॅग बनवू देतं, त्यांच्या सुरुवातीला खालची रेघ असते. दुसऱ्या सॉफ्टवेअरला ते टॅग कळले नाहीत तर ते गाळले जाऊ शकतात. त्याऐवजी 'फॅक्ट' हा प्रमाण टॅग घ्या आणि त्याच्या प्रकारात 'गोत्र' लिहा. सगळ्या शाखांनी हाच शब्द वापरायचा, एकीने 'गोत्र' आणि दुसरीने 'कुलगोत्र' असं नको.

गावाच्या नावात जिल्ह्याचा घोळ असतो. देवगडचा माणूस १९८१ च्या मे महिन्यापर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातला, नंतर सिंधुदुर्गातला. कुलाब्याचा रायगड त्याच वर्षी झाला, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघाला. घटना घडली तेव्हाचंच नाव लिहावं, असा वंशावळकारांचा जगभरचा दंडक आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो योग्य आहे. तरी कुलमंडळाच्या कामाला मी आजचा जिल्हा लिहावा म्हणेन आणि जुना शेऱ्यात. नाहीतर एकाच गावाची तीन गावं होतात.

फोटो ५.५.१ मधून जात नाहीत. फाइलीत असतो तो फक्त तुमच्या कॉम्प्युटरवरचा पत्ता, जो पुतणीच्या कॉम्प्युटरवर नसतोच. फोटोंचा फोल्डर वेगळा पाठवा. ७.० मध्ये फोटोंसकट एकच झिप फाइल करता येते.

एकत्र करण्याआधी

आलेली फाइल मुख्य झाडात सरळ ओतू नये. आधी कोऱ्या झाडात उघडावी, माणसं आणि कुटुंबं किती आली ती पाठवणाऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहावी, मग मुख्य झाडाचा बॅकअप घेऊन जोडावी. फाइलीतले आय१, आय२ हे क्रमांक कायमचे नसतात, पुढच्या एक्स्पोर्टमध्ये ते बदलू शकतात. त्यामुळे तीच फाइल दुरुस्त होऊन पुन्हा आली आणि पुन्हा ओतली, की सगळं घराणं दुप्पट होतं. मुख्य झाड एकाकडे ठेवायचं आणि बाकीच्यांनी दुरुस्त्या लिहून कळवायच्या. फाइली दोन्ही दिशांनी फिरू लागल्या की दर फेरीत काहीतरी गळतं.

जिवंत माणसांची नोंद पाठवताना हात आखडता असावा. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव ही बँका ओळख पटवायला विचारतात तीच माहिती. 'खाजगी' अशी खूण जेडकॉममध्ये लावता येते, पण ती पाळायची की नाही हे घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मर्जीवर. म्हणून एक्स्पोर्ट करतानाच 'हयात व्यक्ती वगळा' हा पर्याय निवडणं बरं, विशेषतः फाइल एखाद्या संकेतस्थळावर चढवायची असेल तेव्हा.

हे सगळं हजार नावांवर करून बघण्याआधी दहा माणसांची एक चाचणी फाइल बनवा. तिच्यात एक दत्तक, एका नवऱ्याच्या एकाच नावाच्या दोन बायका, साल नसलेली एक मृत्युतिथी, एक गोऱ्हे, एक गोत्र, एक फोटो आणि शंभरेक शब्दांचा मराठी शेरा घाला. काकांनी ती पाठवायची, पुतणीने उघडून परत पाठवायची, आणि काकांनी मूळ फाइलीशी ओळीओळीने ताडून बघायची. जे हरवलं असेल ते दोघांनी मिळून कुठल्या प्रमाण टॅगमध्ये बसतं ते ठरवावं आणि उरलेल्या शाखांना कळवावं. इंदूरच्या एक्सेलवाल्यांनाही, कारण ग्रॅम्प्समध्ये त्यांची यादी सीएसव्ही या साध्या मजकुराच्या स्वरूपात करून आत घेता येते आणि त्यांचे रकाने अजून ठरायचेच असतात.